ऑपरेशन झालं, मग ग्राफ्ट पुन्हा का तुटला?

(या आठवड्याच्या एपिसोडचा हा लिखित मजकूर. मधले खोकले आणि दोन ठिकाणी तेच तेच बोललो होतो ते काढलंय, बाकी बोललो तसंच ठेवलंय. ज्यांना हेडफोन लावायला वेळ नाही त्यांनी वाचा. आणि गुडघ्याचं ऑपरेशन ठरलेला एखादा मित्र किंवा मैत्रीण असेल तर तिकडे लिंक टाका.)



आज सुरुवात एका आवाजापासून करतो. मला तो इथे वाजवून दाखवता येणार नाही, पण ज्यांनी ऐकलाय त्यांना सांगायची गरजही नाही. गुडघ्याच्या आतून येतो. 'टक्'. सुतळी ताणून तोडल्यासारखा. मला तो दोनदा ऐकू आला, पहिल्यांदा अठराव्या वर्षी आणि दुसऱ्यांदा एकोणिसाव्या. गुडघा तोच, उजवा.

नवीन ऐकणाऱ्यांसाठी सांगतो, मी कोल्हापुरात फिजिओथेरपी करतो, जास्त करून खेळाडूंची. फुटबॉलवाले, कबड्डीवाले, कुस्तीतले पैलवान, आणि हल्ली टर्फवर शनिवारी रात्री खेळणारे आयटीतले लोक. यातला प्रत्येक चौथा-पाचवा माणूस एसीएल घेऊन येतो. आणि त्यातल्या काही जणांचं ऑपरेशन आधीच झालेलं असतं. म्हणजे नवीन लिगामेंट बसवलं होतं, तेही तुटलं. आजचा विषय तोच. एकदा बसवलेलं पुन्हा का तुटतं, आणि त्यात ऑपरेशन कसं केलं याचा हात किती असतो.

माझी गोष्ट आधी थोडक्यात सांगतो, कारण पुढे ती लागणार आहे.

पहिल्यांदा झालं तेव्हा मला कुणीही धक्का दिला नव्हता. बॉल डावीकडे ढकलला, उजवा पाय रोवला, अंग वळलं आणि पाय तिथेच राहिला. बहुतेक एसीएल अशाच तुटतात. टॅकलने नाही, एकट्यानेच वळताना किंवा उडी मारून उतरताना. घरी सगळे म्हणाले वाटी सरकली. एका काकांनी तेल लावून चोळून दिलं. दोन आठवड्यांत सूज गेली, चालता यायला लागलं, मी खूश. मग एक दिवस जिना उतरताना गुडघा आतल्या आत निसटला. एमआरआय काढला, एसीएल पूर्ण तुटलेली. ऑपरेशन झालं. त्या वेळी सगळ्यांच्या तोंडी एकच आकडा होता, सहा महिने. साडेपाचव्या महिन्यात आमच्या पेठेच्या संघाची सेमीफायनल होती. गुडघा दुखत नव्हता, सूज नव्हती. कोच म्हणाले, "शेवटची वीस मिनिटं उतर भावा, नुसता उभा राहिलास तरी समोरचे दबतील." मी उतरलो. उभा राहणं मला जमलं नाही, तो माझा स्वभाव नाही. दहाव्या मिनिटाला 'टक्'.

पुढचं वर्षभर आमच्या घरात एकच वाद होता, चूक कुणाची. पप्पा म्हणायचे डॉक्टरची. डॉक्टर म्हणाले मुलगा लवकर खेळला. आईच्या मते कोचची. मला आतून वाटायचं माझीच. या भांडणाला उत्तर मिळालं ते पुण्यात, दुसऱ्या सर्जनच्या केबिनमध्ये, आणि ते उत्तर काही कुणाला आवडणारं नव्हतं. त्याकडे येतो. आधी गुडघ्याच्या आत काय असतं ते बघू.

मांडीचं हाड आणि नडगीचं हाड यांच्यामध्ये, गुडघ्याच्या बरोबर मध्यभागी, दोन लिगामेंट एकमेकांना फुलीसारखी छेद देऊन असतात. पुढची ती एसीएल. साधारण तीन सेंटिमीटर लांब, करंगळीएवढी जाड. काम दोन. एक, नडगी पुढे सरकू द्यायची नाही. दोन, आणि हे खेळाडूसाठी जास्त महत्त्वाचं, नडगी आतल्या बाजूला फिरू द्यायची नाही. सरळ चालायला, सायकल चालवायला हिची फार गरज पडत नाही. म्हणूनच एसीएल तुटलेला माणूस आरामात बाजारात जाऊन येतो आणि म्हणतो, काही झालं नाही मला. दिशा बदलायला गेलात की ती लागते. कबड्डीत रेडर मागे वळतो ना, तो क्षण.

ही पूर्ण तुटली की सहसा स्वतःहून नीट जुळत नाही. सांध्याच्या पाण्यात तिची दोन टोकं लोंबकळत राहतात. पूर्वी सर्जन ती टोकं शिवून बघायचे, पण बऱ्याच वेळा ती टिकायची नाहीत. म्हणून मग तुमच्याच अंगातला दुसरा एखादा टेंडन काढून तिथे बसवायचा, अशी पद्धत आली. ही काही कालची कल्पना नाही बरं का. ब्रिस्टलच्या अर्नेस्ट हे ग्रोव्ह्‌ज यांनी १९१७ मध्ये मांडीच्या बाहेरच्या जाड पट्ट्याची फीत वापरून असं ऑपरेशन केल्याचं छापलं होतं. म्हणजे शंभर वर्षांहून जास्त झाली. आज फरक एवढाच की हे सगळं दुर्बिणीतून, छोट्या छेदांतून होतं.

करतात काय, ते सांगतो. समजा हॅमस्ट्रिंगचा ग्राफ्ट घ्यायचा आहे. गुडघ्याच्या आतल्या बाजूला थोडं खाली एक छेद घेतात, तिथून दोन लांब टेंडन ओढून काढतात, दुमडून चार पदरी करतात, दोऱ्याने शिवतात. मग तो एका पट्टीतल्या भोकांतून घालून बघतात, साडेसातच्या भोकातून जातोय का, आठच्या. ही झाली जाडी, मिलिमीटरमध्ये. मग मांडीच्या हाडात एक बोगदा आणि नडगीच्या हाडात एक बोगदा ड्रिल करतात. ग्राफ्ट खालून वर ओढतात. वर बहुधा एक छोटं बटण असतं, ते हाडाच्या बाहेर आडवं होऊन बसतं. खाली बहुतेक वेळा स्क्रू.

ऐकायला सुतारकाम वाटतं, आणि बरंचसं तसंच आहे. म्हणूनच बोगदा कुठे पाडला हा प्रश्न येतो.

माझ्या एक्स-रेवर पुण्याच्या सरांनी पेन ठेवलं आणि विचारलं, "टायरचा झोका बघितलायस का, झाडाला एका दोरीने बांधलेला?" म्हटलं, हो. "त्यावर बसलास तर पडशील का?" नाही. "गोल फिरशील का?" फिरीन की, तोच तर त्याचा खेळ. "मग तुझी एसीएल तशी बांधली आहे."

अर्थ असा. गुडघ्याच्या आतल्या खाचेकडे समोरून घड्याळासारखं बघितलं, तर उजव्या गुडघ्यात खरी एसीएल साधारण दहाच्या काट्याजवळ चिकटलेली असते, बाजूच्या भिंतीवर, तिरकी. डाव्या गुडघ्यात दोनच्या जवळ. माझा बोगदा होता जवळपास बाराला. छताला. त्यामुळे ग्राफ्ट उभा लटकत होता. उभा ग्राफ्ट नडगीला पुढे सरकू देत नाही, म्हणून तपासताना डॉक्टरांनी नडगी पुढे ओढून बघितली तेव्हा गुडघा घट्टच लागला. पण फिरणं तो अडवत नाही. मी वळलो की प्रत्येक वेळी आत थोडं फिरत होतं, आणि ते मला कळत नव्हतं.

असं का व्हायचं? कारण एकेकाळी सर्रास वापरात असलेल्या पद्धतीत नडगीचा बोगदा आधी पाडायचे आणि त्याच बोगद्यातून ड्रिल वर नेऊन मांडीच्या हाडात दुसरा पाडायचे. एका बोगद्याने दुसऱ्याची दिशा ठरवून टाकली. त्या वाटेने भिंतीवरच्या योग्य जागी पोचणं अवघड, ड्रिल छताकडे जातं. अशक्य नाही, चांगले सर्जन तसंही नीट पोचायचे, पण अवघड. मग दुसरी पद्धत रुळली, मांडीचा बोगदा वेगळ्या छेदातून, स्वतंत्र दिशेने पाडायचा. आता तुम्ही म्हणाल, झालं मग, नवीन पद्धत वापरा, प्रश्न मिटला.

थांबा. इथे मला आवडणारी एक गोष्ट आहे. डेन्मार्कमध्ये प्रत्येक एसीएल ऑपरेशनची देशभर नोंद ठेवतात. २००७ ते २०१० मधली नऊ हजारांवर ऑपरेशन्स त्यांनी तपासली. चार वर्षांत पुन्हा ऑपरेशन करावं लागण्याचं प्रमाण जुन्या पद्धतीत ३.२ टक्के निघालं आणि नव्या, 'जास्त बरोबर' पद्धतीत ५.१६ टक्के. उलटं! सगळे चक्रावले. कारणं बहुधा दोन. एक, नवीन हत्यार हातात बसायला वेळ लागतो. नंतरच्या वर्षांची ऑपरेशन्स तपासली तेव्हा हा फरक राहिला नाही, म्हणजे हात बसला. दुसरं कारण जास्त मजेशीर आहे. योग्य जागी बसवलेला ग्राफ्ट खरं काम करतो. खरं काम करतो म्हणजे खरा भार घेतो. उभा, चुकीचा ग्राफ्ट आत आरामात लटकलेला असतो. मग योग्य जागचा ग्राफ्ट घेऊन तुम्ही लवकर मैदानात उतरलात तर तो कोवळ्या वयातच पूर्ण ओझं उचलतो.

आणि अजून एक, हे माझं मत आहे. 'पुन्हा ऑपरेशन' हा आकडा सगळं सांगत नाही. ज्याचा गुडघा ढिला राहिला, ज्याने गुपचूप खेळणं सोडलं, दुकानात बसायला लागला, तो कुठल्याच नोंदीत नापास म्हणून येत नाही. माझ्याकडे असे खूप येतात. ग्राफ्ट शाबूत आहे हो, पण माणूस खेळत नाही.

बरं, बोगदा झाला. आता जाडी.

माझ्या पहिल्या ऑपरेशनच्या कागदांत एका ओळीत लिहिलं होतं, ग्राफ्ट ७ मिलिमीटर. तो कागद आमच्या घरात वर्षभर फाईलमध्ये होता, कुणी वाचला नाही. वाचला असता तरी कळलं नसतं. २०१२ साली अमेरिकेत २५६ रुग्णांचा एक अभ्यास छापून आला. हॅमस्ट्रिंग ग्राफ्ट ८ मिलिमीटरपेक्षा जाड होता त्यांच्यात पुन्हा ऑपरेशन लागलं १.७ टक्क्यांना. साडेसात ते आठ, ६.५ टक्के. सात किंवा कमी, १३.६ टक्के. बघा, एक-दीड मिलिमीटरची गोष्ट आहे. आणि त्याच अभ्यासात वीसच्या आतलं वय हाही वेगळा धोका निघाला. मी दोन्ही खात्यांत बसत होतो.

जाडी सर्जनच्या हातात नसते, तुमचं टेंडन जेवढं तेवढंच. बारीक अंगकाठीच्या मुलामुलींमध्ये ते बारीक निघायची शक्यता जास्त. पण बारीक निघालं तर पुढे काय, हे ठरवणं नक्की त्यांच्या हातात असतं. चारऐवजी पाच किंवा सहा पदर करता येतात. दुसरीकडचं टेंडन घेता येतं. म्हणून माझ्याकडे येणाऱ्यांना मी सांगतो, ऑपरेशनच्या आधीच सर्जनना विचारून ठेवा, "सर, ग्राफ्ट बारीक निघाला तर तुमचा प्लॅन काय?" चांगले सर्जन या प्रश्नावर चिडत नाहीत, उलट खुर्ची पुढे ओढून बसतात. हा माझा अनुभव आहे.

टेंडन कुठून घ्यायचं यावर सर्जन लोकांत जे वाद होतात ते बघितले तर तुम्हाला पेठेतल्या फुटबॉलचे वाद सौम्य वाटतील. वाटीच्या खालचा पट्टा, दोन्ही टोकांना हाडाचे तुकडे ठेवून काढतात. हाडात हाड लवकर जुळतं, आणि स्कँडिनेव्हियातल्या देशांच्या एकत्र नोंदींमध्ये याचं पुन्हा तुटण्याचं प्रमाण हॅमस्ट्रिंगपेक्षा कमी दिसलंय. पण गुडघ्यावर टेकून बसताना पुढे दुखू शकतं. जमिनीवर बसून काम करणाऱ्याला, फरशी बसवणाऱ्याला, नमाज पढणाऱ्याला हे छोटं नाही. हॅमस्ट्रिंग काढलं की पुढचं दुखणं कमी, पण ज्या स्नायूंनी एसीएलला मागून मदत करायची त्यातलंच काहीतरी आपण काढून घेतलं. मांडीच्या पुढच्या स्नायूचं, वाटीच्या वरचं टेंडन हल्ली पुष्कळ वापरतात. आपल्याकडे घोट्याच्या बाहेरून जाणारं टेंडन घेणारे सर्जनही आहेत. मी यात पंच नाही. एकच गोष्ट ठामपणे सांगतो. मृत दात्याचं टेंडन हा पर्याय तरुण खेळाडूंसाठी धोक्याचा ठरलाय. अमेरिकेतल्या एका मोठ्या पाहणीत ते तुटण्याची शक्यता स्वतःच्या टेंडनच्या चौपट आढळली, आणि सगळ्यात जास्त तुटले ते दहा ते एकोणीस वयाच्या मुलामुलींचे. आणि कृत्रिम धाग्याचं लिगामेंट, 'काहीच काढावं लागत नाही, लगेच खेळा' असं ज्याचं वर्णन येतं. १९८० च्या दशकात गोअर-टेक्स आणि डेक्रॉनची लिगामेंट्स बसवली होती. तुटली, कण सांध्यात पसरले, गुडघे सुजले. म्हणून 'लगेच' हा शब्द ऐकला की माझे कान उभे राहतात.

आता ज्या गोष्टीबद्दल मला मनापासून बोलायचंय ती. बाहेरचा पट्टा.

मांडीच्या बाहेरच्या बाजूने एक जाड पट्टा खाली नडगीपर्यंत येतो, आयटी बँड. धावणाऱ्यांना माहीत असतो, दुखतो म्हणून. त्यातली एक सेंटिमीटर रुंद, आठेक सेंटिमीटर लांब फीत सोडवायची, खालचं टोक तसंच चिकटलेलं ठेवायचं, वरचं टोक बाहेरच्या लिगामेंटच्या खालून घालून मांडीच्या हाडाला बसवायचं. म्हणजे आत एसीएल आणि बाहेर एक टेकू. आतल्या दोरीला फिरण्याविरुद्ध एकटीने लढावं लागत नाही. कल्पना जुनी, फ्रान्सच्या लमेर यांनी १९६७ मध्ये मांडलेली. मधे ती मागे पडली. मग कॅनडा आणि युरोपातल्या सर्जननी मिळून एक चाचणी केली, तिचे निकाल २०२० मध्ये आले. १४ ते २५ वयाचे ६१८ जण, सगळे जास्त धोक्याचे, सगळ्यांना हॅमस्ट्रिंग ग्राफ्ट. निम्म्यांना नुसता ग्राफ्ट, निम्म्यांना ग्राफ्ट आणि हा बाहेरचा पट्टा. कुणाला काय मिळणार ते चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवलं. दोन वर्षांत नुसत्या ग्राफ्टवाल्यांत तुटले ११ टक्के. पट्टावाल्यांत ४.

अकराचे चार. ऑपरेशनच्या तंत्रात एवढा फरक पाडणाऱ्या गोष्टी फार नाहीत. फुकट नाही हं, बाहेर एक छेद वाढतो, सुरुवातीला दुखतं जास्त, मांडीची ताकद यायला थोडा उशीर लागतो. आणि सगळ्यांना लागतोही असं नाही. चाळिशीतल्या, फक्त चालायला जाणाऱ्या माणसाला कशाला? पण वीसच्या आतला, वळणाच्या खेळातला, गुडघा मागे जास्त वाकणारा, तपासताना खूप फिरणारा, अशांच्या बाबतीत हा प्रश्न विचारलाच पाहिजे. माझ्या गुडघ्यात तो पट्टा नाही. माझ्या वेळी तो पुन्हा रुळला नव्हता.

पुण्याचे सर तेव्हा मला म्हणाले होते, "बोगदा चुकला, ग्राफ्ट बारीक होता, आणि तू साडेपाच महिन्यांत उतरलास. यातली एक गोष्ट नसती तर कदाचित टिकला असता. कुठली, ते मला सांगता येणार नाही." पप्पा केबिनमधून बाहेर येऊन बराच वेळ पार्किंगमध्ये गप्प उभे होते. त्यांना एक नाव हवं होतं. पुढे शिकताना कळलं की हे बहुतेकांचं असंच असतं. अमेरिकेत पुन्हा ऑपरेशन करणाऱ्या सर्जननी पहिल्या ४६० रुग्णांची कारणं लिहून ठेवली, त्यात सगळ्यात मोठा गट होता 'एकापेक्षा जास्त कारणं' असा. फक्त तंत्राची चूक साधारण चौथ्या हिश्शात. आणि तंत्राच्या चुकांत सगळ्यात वर काय? मांडीच्या हाडातला बोगदा चुकीच्या जागी.

तर तिसरी गोष्ट, वेळ. हिच्यात सर्जनचा हात नाही, आपलाच आहे.

ग्राफ्ट बसवला त्या दिवशी तो तसा निर्जीव असतो. त्याचा रक्तपुरवठा तुटलेला. शरीर आधी त्यातला काही भाग मोडून काढतं, मग नव्या रक्तवाहिन्या शिरतात, नव्या पेशी येतात, धागे पुन्हा विणले जातात. याला लिगामेंटायझेशन म्हणतात. गंमत म्हणजे, खरं तर गंमत नाही, पहिले दोन-तीन महिने ग्राफ्ट बसवला त्या दिवसापेक्षा कमकुवत असतो. आणि बरोबर त्याच काळात तुमचं दुखणं संपतं, सूज उतरते, तुम्ही जिने चढता, आणि वाटतं झालं. दुखणं हा या बाबतीत खोटं बोलणारा मित्र आहे. विणकाम वर्ष उलटून गेलं तरी चालू असतं.

नॉर्वे आणि अमेरिकेतल्या १०६ जणांच्या अभ्यासात २०१६ मध्ये असं दिसलं की नऊ महिन्यांपर्यंत खेळणं जितके महिने पुढे ढकलाल, तितक्या प्रत्येक महिन्याला गुडघ्याला पुन्हा दुखापत होण्याचा दर ५१ टक्क्यांनी कमी. प्रत्येक महिन्याला, जवळपास निम्मा. नऊनंतर मात्र नुसतं थांबून वेगळा फायदा दिसला नाही, तिथून पुढे ताकद महत्त्वाची. मांडीची ताकद, एका पायावरच्या उड्या, सगळं चांगल्या पायाच्या ९० टक्क्यांच्या वर असलेले उतरले, त्यांच्यात पुन्हा दुखापत ५.६ टक्क्यांना. चाचणी पास न होता उतरले त्यांच्यात ३८.२.

सहा महिने हा आकडा कुठून आपल्या डोक्यात बसला देव जाणे. कॅलेंडर बघून कुणी गुडघ्याला सर्टिफिकेट देऊ नये. माझ्या क्लिनिकमध्ये तर मी कॅलेंडर भिंतीवरून काढूनच टाकलंय. (खरं कारण सांगू? ते मागच्या वर्षीचं होतं.)

आता शेवटचं, एका मुलीबद्दल. नाव-गाव सांगत नाही, तिला आणि तिच्या वडलांना विचारून सांगतोय. सतरा वर्षांची, कबड्डी खेळते, रेडर. एसीएल तुटली. मुलींमध्ये ही तुटण्याचं प्रमाण तसंही मुलांपेक्षा जास्त. ऑपरेशनची तारीख घेऊनच माझ्याकडे आली होती, आधी ताकद वाढवायला. बारीक अंगकाठी, गुडघा मागे जरा जास्तच जाणारा. वडील शेतकरी, फार कमी बोलणारे. त्यांचा एकच प्रश्न, "सर, निवड चाचणी सात महिन्यांवर आहे. जमंल न्हवं?"

मी त्यांना म्हटलं, काका, ते नंतर बघू. आधी डॉक्टरांना जाऊन तीन गोष्टी विचारा. ग्राफ्ट बारीक निघाला तर काय करणार. बाहेरचा पट्टा हिला लागेल का. आणि गादी, म्हणजे मेनिस्कस, तीही फाटली असेल तर शिवणार का, कारण तीही गुडघ्याला धरून ठेवते. काकांनी खिशातली डायरी काढली आणि पेन्सिलने लिहून घेतलं. पोरगी लाजून खाली बघत होती, बापाने डॉक्टरला प्रश्न विचारायचे म्हणजे काय! तीन दिवसांनी फोन आला. डॉक्टर म्हणाले, बरं झालं विचारलंत, पट्टा लावायचं माझ्याही डोक्यात होतं, आणि ग्राफ्ट आठच्या खाली निघाला तर पदर वाढवू. ऑपरेशनमध्ये ग्राफ्ट निघाला साडेसात. पाच पदर करून साडेआठ झाला. गादी फाटली होती, शिवली.

ऑपरेशनला आता सात महिने झालेत. निवड चाचणी मागच्या रविवारी होती.

ती गेली नाही. आदल्या आठवड्यात माझ्याकडे एका पायावरच्या उडीत ती चांगल्या पायाच्या ८२ टक्क्यांवर होती, मांडीच्या ताकदीत त्याहून कमी. मी नाही म्हटलं. तिने माझ्याशी भांडण केलं, बरंच. म्हणाली, "तुम्हीच म्हणालात ना ऑपरेशन एकदम बरोबर झालंय, मग आता अडवताय का?" मी तिला माझा गुडघा दाखवला, दोन्ही वेळचे व्रण. तिच्यावर काही परिणाम झाला नाही. सतराव्या वर्षी माझ्यावरही झाला नसता. वडील दारात चप्पल घालत म्हणाले, "फुडल्या वर्साला जाईल की."

त्यानंतर ती तीन दिवस आली नाही. चौथ्या दिवशी आली, नमस्कार केला नाही, सरळ जाऊन स्क्वॉटला लागली. अजूनही माझ्याशी कामापुरतंच बोलते. पुढची उडीची चाचणी येत्या मंगळवारी आहे.